चार नंबरची क्रेन थांबली तेव्हा

"आज पुन्हा अडकलं," धाकटा म्हणाला आणि ताट पुढे ओढून बसला.

काय अडकलं हे घरात कोणी विचारलं नाही. चौघांनाही ठाऊक होतं. धाकटा बंदरात क्रेन चालवायचा, पण क्रेनवर बसून नव्हे. धक्क्यापासून लांब एका बंद खोलीत, ओळीने लावलेल्या पडद्यांसमोर बसून. क्रेनवरचे कॅमेरे चित्र पाठवायचे आणि ते बघत, हातातली दांडी हलवत तो अख्खा कंटेनर जहाजातून उचलून ट्रेलरवर ठेवायचा. गेल्या काही महिन्यांत ते चित्र मध्येच थिजायला लागलं होतं. पापणी लवते न लवते तेवढंच. पण तेवढ्यात कंटेनर हातभर पुढे गेलेला असायचा.

"किती वेळ?" थोरल्या सुनेने विचारलं.

"वहिनी, मी घड्याळ लावून बसत नाही. पोटात गोळा येतो एवढा वेळ."

थोरला भाऊ हसला. तोही बंदरातच होता, पण खाली, धक्क्यावर. कंटेनर ट्रेलरवर टेकला की त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या खिट्ट्या फिरवून तो पक्का बसवायचा, हे त्याचं काम. म्हणजे धाकट्याला जे दिसत नव्हतं, त्याच्याच खाली थोरला उभा असायचा.

"याला दिसत नसलं तरी मला दिसतं की," तो म्हणाला. "मी होतो बाजूला."

दोघी जावांपैकी कोणी हसलं नाही. क्रेनवर बसवलेली, चित्र पोचवणारी पेटी त्या दोघींच्या कंपनीची होती आणि त्या पेटीत नेटवर्कचं कार्ड चालवणारा जो प्रोग्रॅम होता, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो थोरलीने लिहिला होता. शेजारच्या काकू सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या, "त्यांच्याकडे एक मुलगा ड्रायव्हर आहे आणि सुनाही ड्रायव्हरच, पण त्या लिहितात." काय लिहितात हे काकूंनी कधी विचारलं नाही.

थोरली या घरात आली ती त्या पेट्यांमुळेच. पेट्या बसवायला धक्क्यावर गेली, तिथे खिट्ट्यावाल्याशी ओळख झाली. लग्नानंतर तिने आपल्याच हाताखालची एक हुशार मुलगी दिरासाठी सुचवली. ऑफिसात जी ज्युनियर होती ती घरात धाकटी जाऊ झाली. धाकटी तिला ताई म्हणायची आणि अहोजाहो करायची. ऑफिसातली सवय स्वयंपाकघरापर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी धाकटीला बोलावलं. थोरली तोवर टेस्टिंगकडे गेली होती. नवीन काहीही बंदरात जायचं तर तिची सही लागायची. लिहिण्याचं काम आता धाकटीकडे होतं.

"चित्र अडकता कामा नये," साहेब म्हणाले. "काय करायचं ते कर."

घोडं कुठे पेंड खातंय हे धाकटीला पहिल्या आठवड्यातच कळलं. कॅमेऱ्याकडून डेटाचं एकेक पाकीट आलं की कार्ड प्रोसेसरला जणू घंटा मारायचं. त्याला इंटरप्ट म्हणतात. घंटा झाली की प्रोसेसरने हातातलं काम टाकून धावायचं, पाकीट उचलायचं आणि मग परत कामाला लागायचं. क्रेनवर दोन कॅमेरे होते तेव्हा हे निभावलं. आता कॅमेरे वाढले होते, चित्रं मोठी झाली होती आणि प्रोसेसर दिवसभर नुसतं दारच उघडत बसला होता. घरातलं काम कोण करणार?

त्यात ते लॉक. लॉक म्हणजे कुलूपच: दोन कामांचे हात एकाच वेळी एकाच जागी पडू नयेत म्हणून आधी एकाने लॉक घ्यायचं, काम उरकायचं, सोडायचं, मग दुसऱ्याने घ्यायचं. थोरलीने सगळ्या ड्रायव्हरला मिळून एकच लॉक ठेवलं होतं. पाकीट घेणारा थांबलाय, पाठवणारा थांबलाय, नुसती चौकशी करणाराही रांगेत उभा.

धाकटीने ठरवलं ते असं. पहिली घंटा वाजली की घंटाच बंद करायची. साचलेली पाकिटं एका दमात, पण ठरावीक संख्येनेच उचलायची, म्हणजे बाकीची कामं उपाशी राहणार नाहीत. सगळी उचलून झाली की घंटा परत चालू. आणि एका मोठ्या लॉकच्या जागी तीन छोटी.

हे सांगायला ती बिचकतच थोरलीच्या टेबलापाशी गेली. कितीही झालं तरी दुसऱ्याच्या हातचं मोडायचं होतं.

थोरलीने सगळं ऐकून घेतलं. "घंटेचं बरोबर आहे. ते मीच करायला हवं होतं. लॉकचं मात्र जपून."

"का? तिथेच तर सगळे अडतात."

"अडतात. पण पहिल्या वर्षी ही पेटी अधूनमधून मरायची. अगदी ठार. मी सगळं एका लॉकखाली घातलं आणि मरायची थांबली. का थांबली ते मला आजतागायत कळलेलं नाही."

"मग शोधलं नाहीत?"

"जहाजं येत होती. चालत्या गाडीला खीळ कोण घालतं?"

हे उत्तर ऐकून धाकटीची भीती वाढलीच. थोरलीला कारण माहीत असतं तर ते टाळता आलं असतं. आता नुसतं एवढंच माहीत होतं की इथे कुठेतरी खड्डा आहे.

तिने लिहिलं. एकेक ओळ तीनतीनदा वाचत लिहिलं. टेस्टिंगच्या खोलीत पेटी मांडली, तिच्यावर पाकिटांचा पूर सोडला. क्रेनवर येतात त्याच्या कितीतरी पट. चित्र कुठे थिजलं नाही. प्रोसेसर आधी तोंडाला फेस येईस्तोवर पळायचा, तो आता निवांत दिसत होता. ऑफिसातले लोक येऊन बघून गेले. साहेबांनी पाठ थोपटली.

थोरली पेटीवरचा पूर रोज वाढवत होती आणि सही करत नव्हती.

घरी दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं उरलं. "मीठ दे." "दूध उतू जातंय." भाऊ आधी चेष्टा करायचे, मग तेही गप्प झाले. एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता धाकटीने सुरी खाली ठेवली.

"ताई, कानामागून आली आणि तिखट झाली, असं वाटतंय का तुम्हाला?"

"वाटतं," थोरली म्हणाली. "थोडंसं. पण सही त्यासाठी अडलेली नाही."

"मग कशासाठी?"

"मला भीती वाटते."

"कशाची, ते सांगा. मी दुरुस्त करते."

"तेच सांगता येत नाही ना. सांगता आलं असतं तर मीच केलं असतं." थोरलीने गॅस बारीक केला. "पेटी मरते तेव्हा ब्रेक लागतो, मला माहीत आहे. पण चालत्या क्रेनचा ब्रेक एकदम लागला की लटकलेला कंटेनर थांबत नाही. तो झोके घेतो. आणि खाली कोण असतं, ते तुलाही माहीत आहे."

धाकटीने सुरी उचलली, पण चिरायला काही तिला सुचेना.

शेवटी सही झाली ती जुन्या ड्रायव्हरमुळेच. दुसऱ्या एका क्रेनचं चित्र थिजलं आणि कंटेनर जहाजाच्या कठड्याला घासून गेला. कोणाला लागलं नाही, पण बंदरातले बडे अधिकारी ऑफिसात येऊन बसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. थोरलीने सही केली, पण एका अटीवर: एकाच क्रेनवर, चार नंबरच्या. तिथे धाकटा बसायचा. काही वेगळं वाटलं तर निदान तो खरं सांगेल.

पहिल्याच दिवशी धाकटा घरी आला तो दारातूनच बोलत. "खिडकीतून बघतोय असं वाटतं! खिट्टी फिरवताना दादाच्या हातावरचा घाम दिसतो मला. बाकीचे ऑपरेटर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात."

"माझा घाम कशाला बघतोस? काम बघ," थोरला म्हणाला.

त्या रात्री चौघं एकत्र जेवले. साहेबांनी उरलेल्या सगळ्या क्रेनसाठी तयारी करायला सांगितली. धाकटीला वाटलं, आता भीती जाईल. ती काही गेली नाही. ऑफिसात फोन वाजला की तिचा जीव वरखाली व्हायचा आणि फोन दुसऱ्या कोणाचा निघाला की मग कुठे खाली बसायचा.

एक दिवस तो तिचाच निघाला. पलीकडे थोरला होता, आवाज नेहमीसारखाच मजेत.

"अगं, तुझी क्रेन शिंकली बघ आज."

"काय झालं?"

"चालता चालता धाडकन थांबली. कंटेनर वर, एकदा इकडे, एकदा तिकडे. पडदे म्हणे सगळे काळे झाले होते. थोड्या वेळाने आपोआप सुरू झालं. आता चाललंय मस्त."

"भाऊजी, तुम्ही कुठे होता?"

"खाली. आणखी कुठे असणार?"

तिने फोन ठेवला. मग पेटीने स्वतःबद्दल काय नोंदवून ठेवलंय ते तिने मागवलं. काहीच नव्हतं. सगळं ठीक, सगळं ठीक, आणि मग एकदम नव्याने सुरू झाल्याची ओळ. मरताना पेटीला हूं का चूं करायलाही सवड मिळाली नव्हती. पेटी ठप्प झाली की तिला आपोआप परत सुरू करणारा एक पहारेकरी आत बसवलेला असतो, त्यानेच तिला उठवलं होतं.

बंदरातल्या दुरुस्तीवाल्यांनी कारण लिहून टाकलं: केबल. साहेबांनाही ते पटलं.

"सर, जुना ड्रायव्हर परत घालू या. चार नंबरवर," धाकटी म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. "तुझंच काम, तूच काढून टाक म्हणतेस?"

"कारण कळेपर्यंत."

"कारण कळलंय. केबल. जुना घातला की पुन्हा चित्र अडकणार, पुन्हा कंटेनर घासणार. एकदा थांबली म्हणून एवढं घाबरून कसं चालेल? काहीतरी पुरावा आण, मग बोलू."

एवढ्यावर तिला गप्प बसता आलं असतं. केबल म्हणून सगळे मोकळे झाले होते, तिलाही मोकळं होता आलं असतं. दुपारभर ती पडद्यावरच्या त्याच त्या ओळी वाचत राहिली. तिन्ही लॉक नीट होती. जिथे घ्यायची तिथे घेतली होती, जिथे सोडायची तिथे सोडली होती. डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा तिने पडदा बंद केला.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो उखडला. "जुनं परत? अजिबात नको. तुला कल्पना नाही, ते आंधळ्यासारखं चालवणं काय असतं. आता कुठे दिसायला लागलंय मला."

"आणि परत थांबली तर?"

"ब्रेक आहे ना!"

"ब्रेक लागल्यावर कंटेनर कसा हलला, तू पाहिलंस?"

"पडदे काळे होते," तो म्हणाला, आणि मग त्यालाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण तो उठून गॅलरीत गेला.

आता उरली थोरली. मी सांगितलं नव्हतं का, एवढंच ती म्हणणार, अशी मनाची तयारी करून धाकटी तिच्या खोलीच्या दारात उभी राहिली. थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. नवऱ्याचा कामावरचा शर्ट तिच्या मांडीवर तसाच पडलेला होता.

"ये," ती म्हणाली. "मी तुझ्याकडेच येणार होते. केबल नाहीये ती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"केबल तुटली तर चित्र जाईल. पेटी कशाला मरेल? पहिल्या वर्षी अशीच मरायची. अगदी अशीच. न बोलता."

"ताई, चूक माझी आहे."

"सही माझी आहे. रडायचं नंतर बघू."

थोरलीने नवऱ्याला हाक मारली आणि काही दिवस रजा टाकायला सांगितलं. तो दारातच उभा राहिला, टॉवेलने मान पुसत.

"रजा टाकतो. मग माझ्या जागी दुसरा उभा राहील. त्याला बायको नाही का?"

तो रोजच्यासारखा कामावर गेला. सकाळी डबा देताना थोरलीने त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला, एवढंच.

दोघीही त्या दिवशी ऑफिसऐवजी थेट बंदरात गेल्या. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांची जाकिटं. धाकटी इतक्या जवळून क्रेनकडे पहिल्यांदाच बघत होती. दहा-बारा मजली इमारतीला पाय फुटावेत तशी ती रुळांवरून सरकत होती, घंटी वाजवत, अगदी सावकाश. तिच्या पायाशी एक भलंमोठं रीळ होतं. क्रेन पुढे गेली की रिळावरची जाड केबल सुटत जायची, मागे आली की गुंडाळली जायची. वीज त्यातूनच, आणि नेटवर्कही त्यातूनच.

"त्या दिवशी कुठे थांबली होती?" धाकटीने विचारलं.

थोरल्याने हात लांब करून दाखवलं. "त्या तिकडे. जहाजाच्या शेपटाशी. तिथे रूळ संपतात."

दोघी रुळांच्या कडेकडेने चालत टोकाला गेल्या. क्रेनही हळूहळू त्याच बाजूला येत होती. रिळावर आता केबलचे शेवटचेच वेढे उरले होते आणि ती ताठ झाली होती. रिळाच्या बाजूला जोडणीच्या डबीवर एक बारीक हिरवा दिवा होता. नेटवर्क जोडलेलं असलं की तो पेटलेला राहायचा. धाकटीची नजर त्याच्यावर होती. क्रेन टोकाला आली, केबल थरथरली आणि दिवा लुकलुकला. गेला, आला. गेला, आला. मग पुन्हा स्थिर.

तिने थोरलीचा दंड घट्ट पकडला. वर कंटेनर लटकत होता. दोघींनी वर पाहिलं. काही झालं नाही. क्रेन मागे फिरली.

"ताई, आपल्या टेस्टिंगमध्ये केबल कधी हलली?"

थोरलीने नुसती मान हलवली: कधीच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खोलीत पेटीवर त्यांनी पुरावर पूर सोडले होते, पण केबल एकदा खोचली ती खोचली. कोणी तिला हातही लावला नव्हता.

ऑफिसात परत येऊन त्यांनी पेटी मांडली, पूर सोडला. थोरली केबल उपटून पुन्हा खोचायला लागली. उपटायची, खोचायची. धाकटी पडद्याकडे बघत होती. चित्र जायचं, यायचं. जायचं, यायचं. थोरलीची बोटं लाल झाली. कितीतरी वेळ काहीच घडेना आणि धाकटीला वाटायला लागलं की हेही खोटंच, आता पुन्हा त्या ओळी वाचत बसावं लागणार. तेवढ्यात चित्र गेलं आणि परत आलंच नाही.

"मेली!" थोरली ओरडली. इतक्या आनंदाने ओरडली की शेजारच्या खोलीतला माणूस धावत आला.

कारण सापडायला मग वेळ लागला नाही. केबल सुटली किंवा जोडली गेली की ड्रायव्हर त्याची नोंद करायचा, आणि त्या नोंदीसाठी एक छोटं लॉक घ्यायचा. ती जागा धाकटीनेच लिहिली होती. थोरलीच्या जुन्या मोठ्या लॉकचा नियम असा होता की ते घेताना आधी घंटा बंद करायची आणि सोडताना चालू करायची. धाकटीने तो बाकी सगळीकडे पाळला होता. या एका ठिकाणी तिने वेळ वाचवायला घंटा चालूच ठेवली होती. तिला वाटलं होतं, केबल जोडायचं काम पेटी सुरू होताना एकदाच होतं, तेव्हा पाकिटं येत नसतात. कोण वाजवणार घंटा?

थोरलीने जुन्या फायली उघडून पहिल्या वर्षीचा ड्रायव्हर काढला. तिथे तिने स्वतःही नेमकं तेच केलं होतं.

"म्हणजे लॉक मोठं होतं म्हणून पेटी वाचली नाही," धाकटी म्हणाली.

"नाही. घंटा बंद व्हायची म्हणून वाचली. आणि मी इतकी वर्षं मोठं लॉक, मोठं लॉक करत बसले."

साहेबांना त्यांनी तिथेच बोलावून केबल उपटून दाखवली. पेटी दुसऱ्यांदा मेली ती पटकन मेली. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि चार नंबरची क्रेन आत्ताच्या आत्ता थांबवायला सांगितलं. पलीकडचा माणूस काही कुरकुरला असावा. "आत्ताच्या आत्ता म्हणजे कंटेनर खाली ठेवून आत्ता," साहेब म्हणाले. "पुरावा मी मागितला होता, तो मिळाला." आणि मग, दोघींकडे न बघता, "मी मागायला नको होता."

क्रेनवर जुना ड्रायव्हर गेला. धाकटा दोन दिवस घरात तोंड पाडून वावरला, पण त्याने अवाक्षर काढलं नाही. थोरला मात्र जेवताना मागेच लागला, नेमकं काय झालं होतं ते त्याला समजावून सांगा म्हणून.

"समज," थोरली म्हणाली, "तू कपाट उघडून, किल्ली खिशात घालून कपडे लावतोयस. बेल वाजली. बेलचा नियम असा की हातातलं काम जसंच्या तसं टाकून धावायचं. दारातला माणूस म्हणतो, कपाटाची किल्ली द्या. तू म्हणतोस, थांबा हं, कपाटवाल्याचं काम उरकलं की मिळेल."

"कपाटवाला मीच ना?"

"तूच. पण बेलवाल्याचं झाल्याशिवाय तुला कपाटाकडे परत जाता येत नाही."

थोरल्याने घास हातातच धरून विचार केला. "म्हणजे मी दारात उभाच."

"उभाच."

"आणि तो माणूसही."

"आणि घरातलं सगळं बंद."

"मग आधी बेलचं बटण बंद करायचं आणि मग कपाट उघडायचं, एवढंच?"

"एवढंच," धाकटी म्हणाली, आणि तिला एकदम हुंदका आला. धाकट्याने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. एवढंच. त्या एवढ्याशा ओळीखाली हा माणूस उभा होता आणि आता तिला बटणाचं विचारत होता.

दुरुस्ती खरंच एका ओळीची होती. पण टेस्टिंगला थोरलीने या वेळी कोणाचं ऐकलं नाही. केबल हाताने किती उपटणार, म्हणून तिने घरचा टेबलफॅन ऑफिसात आणला, तो मान हलवणारा, आणि केबलचं सैल टोक त्याच्या मानेला बांधलं. फॅन इकडे वळला की जोडणी सुटायची, तिकडे वळला की लागायची. पूर चालू, फॅन चालू. घरी सगळे उकाड्यात बसले, पण कोणी फॅनची आठवण काढली नाही. धाकटी कामाला येताना आधी त्या खोलीत डोकावायची आणि जाताना पुन्हा एकदा. फॅनचा तो कुरकुर आवाज बंद झालाय असं तिला उगीचच वाटायचं.

बंद काही झाला नाही. पेटीही मेली नाही. थोरलीने सही केली.

चार नंबरवर नवा ड्रायव्हर परत गेला त्या दिवशी धाकटी नवऱ्याच्या खुर्चीमागे उभी होती आणि थोरली खाली धक्क्यावर, रुळाच्या टोकाशी. पडद्यावर समुद्र, जहाज, कंटेनरचा लाल पत्रा, सगळं स्वच्छ. धाकटा दांडी ढकलत होता. क्रेन जहाजाच्या शेपटाकडे निघाली.

"टोक आलं," तो म्हणाला.

तिने त्याच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. पडद्यावरचं चित्र एकदा काळं झालं, आलं, पुन्हा गेलं, आलं. क्रेन चालतच होती. ब्रेकचा आवाज आला नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या ऑपरेटरने मानसुद्धा वर केली नाही. धाकट्याने कंटेनर जागेवर नेऊन टेकवला आणि मग मान मागे टाकून तिच्याकडे उलटं पाहिलं.

"झालं?"

"पुन्हा ने," ती म्हणाली.

त्याने पुन्हा नेली. मग पुन्हा. दुपारपर्यंत क्रेन कितीदा टोकाला गेली ते कोणी मोजलं नाही. शेवटी त्यानेच तिला बाहेर पाठवलं. तिच्या मानेवरच्या श्वासाने त्याला चालवणं अवघड झालं होतं.

धक्क्यावर ऊन होतं. थोरली अजून त्या रिळापाशीच उभी होती, हेल्मेट कपाळावर ओढून, दिव्याकडे बघत.

"लुकलुकला?" तिने विचारलं.

"पडद्यावर चित्र लुकलुकलं."

"इथे दिवाही."

उद्या हाच दिवा पुन्हा लुकलुकेल, परवाही, आणि उरलेल्या क्रेनवरही. फॅनच्या मानेला न बांधलेलं आणखी काय काय या धक्क्यावर हलतं, कोणाला माहीत! धाकटी रिळापासून वर, केबलच्या मागोमाग नजर नेत राहिली. वायरी, डब्या, कप्प्या, दोरखंड. त्यातली अर्ध्याहून अधिक नावं तिला येत नव्हती.

"ताई, सगळं एकदा नीट बघायला हवं. पेटीच नाही फक्त. हे सगळं."

"बघू," थोरली म्हणाली. "उद्यापासून आठवड्यातून एकदा इथे यायचं. आळीपाळीने."

मागून कोणीतरी जोरात शिट्टी मारली. ट्रेलरच्या पायरीवर उभा राहून थोरला दोन्ही हात हलवत होता.

"ए बायांनो! कंटेनर येतोय वरून! गप्पा घरी जाऊन मारा!"

दोघी लगबगीने पिवळ्या रेघेच्या बाहेर आल्या. कंटेनर त्यांच्यासमोरून सरकत गेला आणि अलगद खाली टेकला. थोरला त्याच्याभोवती फिरून एकेक खिट्टी लावायला लागला, आणि चौथी लागेपर्यंत दोघीही तिथून हलल्या नाहीत.